‘अपराजितो’चे दुसरे दर्शन

गाजलेल्या चित्रपटाचा उत्तरभाग पाहावयास गेलेला प्रेक्षक त्या उत्तरभागाला एकट्याला कधीच पाहत नाही. पूर्वभाग त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलेला असतो आणि बराच वेळ कानाशी कुजबुजत राहतो. पडद्यावर जे दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही त्याची नोंद मन अधिक तत्परतेने घेते. अमुक पात्र का नाही, तमुक गाव कोठे गेले, ती धून पुन्हा का वाजली नाही, अशी विचारणा आतल्या आत चालू असते. या अवस्थेत जे मत बनते त्याला मत म्हणावयाचे की तक्रार, हा प्रश्नच आहे. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ अलीकडे दुसऱ्यांदा पाहण्याचा योग आला तेव्हा हा प्रश्न आम्हांस विशेष जाणवला. कारण पहिल्या आणि दुसऱ्या दर्शनात या चित्रपटाविषयीच्या मतात जितके अंतर पडते, तितके अन्य कोणत्याही उत्तरभागाविषयी पडलेले आमच्या पाहण्यात नाही.

‘पथेर पांचाली’ १९५५ साली प्रकाशित झाला. पुढल्याच वर्षी कान येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. आज आपण ‘अपू-त्रयी’ असे सहज म्हणून जातो, पण आरंभी राय यांच्या मनात त्रयी नव्हती. पहिल्या चित्रपटाच्या यशाने पुढल्या भागाचा विचार आला आणि विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ कादंबरीचा अखेरचा भाग व ‘अपराजित’ या कादंबरीचा आरंभीचा भाग एकत्र करून त्यांनी १९५६ मध्ये ‘अपराजितो’ तयार केला. तिसरा चित्रपट, ‘अपुर संसार’, १९५९ चा.

कथा थोडक्यात अशी. मुलगी दुर्गा गेल्यावर हरिहर, त्याची पत्नी सर्वजया आणि मुलगा अपू हे गाव सोडून काशीस येतात. काळ १९२० चा. हरिहर घाटावर पुराण सांगून उदरनिर्वाह करतो. तो तापाने जातो. सर्वजया एका श्रीमंत घरी स्वयंपाकाचे काम धरते आणि पुढे आपल्या वृद्ध काकांबरोबर, भवतारणांबरोबर, मनसापोता या बंगालमधील खेड्यात येते. तेथे दहा वर्षांचा अपू पौरोहित्य शिकतो, मग शाळेत जातो, शिष्यवृत्ती मिळवितो, कलकत्त्यास कॉलेजात जातो. आई खेड्यात एकटी राहते, आजारते आणि मुलगा पोहोचण्यापूर्वी मरते. एवढेच.

पहिल्या दर्शनी हे सारे विस्कळीत वाटते. निम्मा चित्रपट काशीत, मग खेडे, मग शहर, मग पुन्हा खेडे. मध्येच अपूची भूमिका करणारा मुलगा बदलतो. पिनाकी सेनगुप्ता जाऊन स्मरण घोषाल येतो आणि ओळख नव्याने करून घ्यावी लागते. ‘पथेर पांचाली’मध्ये दुर्गा होती, पाऊस होता, काशफुलांच्या रानापलीकडून धावणारी आगगाडी होती. येथे दुर्गेचे नावही क्वचित निघते. कादंबरी वाचून आलेल्यांची आणखी एक तक्रार असते, ती लीलेची. अपूच्या आयुष्यात जिव्हाळ्याने आलेली ही मुलगी चित्रपटात नाहीच. मनासारखी अभिनेत्री न मिळाल्यामुळे राय यांना ती गाळावी लागली. आणि या सर्वांवर कळस म्हणजे अपूचे वागणे. ज्या पोरावर पहिल्या चित्रपटात आपण जीव लावला, तो येथे आईच्या पत्राला उशिरा उत्तर देतो, सुटीत घरी जात नाही, आणि ती मेल्यावर दोन दिवसांत बोचके बांधून परीक्षेला निघतो. प्रेक्षक थिएटरातून बाहेर पडतो तो या मुलावर रुष्ट होऊन. कलकत्त्याच्या प्रेक्षकांचेही १९५६ मध्ये असेच काही झाले असावे. चित्रपट पहिल्यासारखा चालला नाही. दुसऱ्याच वर्षी व्हेनिस येथे त्याला सुवर्णसिंह मिळाला, आणि तोही कुरोसावा व व्हिस्कोंती यांचे चित्रपट स्पर्धेत असताना. तरी परदेशीयांनी दिलेल्या बक्षिसाने आपल्या घरच्या माणसाचे रागवणे कमी होत नसते.

आता आमच्या व्यवसायाची एक गोष्ट सांगितल्यास वाचकांनी राग मानू नये. एकदा झालेल्या निवाड्याचे त्याच न्यायाधीशाकडून पुनर्विलोकन व्हावयाचे, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४७ व्या आदेशात त्याची कारणे घातली आहेत. नवा आणि महत्त्वाचा पुरावा सापडला पाहिजे. किंवा कागदपत्रांवर सकृद्दर्शनी दिसणारी चूक असली पाहिजे. दुसऱ्यांदा पाहिलेल्या चित्रपटात यांपैकी काहीच घडत नाही. तीच रिळे, तीच माणसे, तेच शब्द. पुरावा तसूभर वाढलेला नसतो. असे असूनही निवाडा बदलतो. संहितेत एक तिसरे कारणही आहे, ‘अन्य पुरेसे कारण’. वकीलवर्ग त्याचा आधार फार जपून घेतो. येथे मात्र तोच घ्यावा लागेल. पहिल्या वेळी आपण ‘पथेर पांचाली’वरून आलेले अपील ऐकत असतो, दुसऱ्या वेळी ‘अपराजितो’ हा स्वतंत्र दावा म्हणून उभा राहतो. पहिल्या वेळचे मत खोटे असते असे नव्हे. ते एका निराळ्याच प्रश्नाचे उत्तर असते.

दुसऱ्या वेळी प्रथम बदलते ती काशी. चित्रपटाचा आरंभ गंगेवरच्या पुलावरून जाणाऱ्या आगगाडीने होतो; लोखंडी तुळयांमधून नदी आणि घाट दिसतात. मग पहाट, पायऱ्या, स्नान करणारी माणसे, कबुतरांना दाणे. राय यांनी काशीतील आपल्या कामाची रोजनिशी ठेवली होती. तीत मार्च १९५६ मध्ये पहाटे पाच वाजता घाट पाहावयास निघाल्याची नोंद आहे. पडद्यावरचा प्रकाश हा त्या जागरणाचा प्रकाश आहे. आपल्यापैकी इंदूर, ग्वाल्हेर, नागपूर या संस्थानी परंपरेतल्या वाचकांना हे घाट पाहताना एक निराळा आपलेपणा वाटेल. शिंदे घाट, भोसले घाट ही नावेच त्याची साक्ष. आणि विश्वेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले ते अहिल्याबाई होळकरांनी. ज्या दुर्गामंदिरात अपू वानरांना खाऊ घालतो आणि वानरे घंटांना लोंबकळून त्या वाजवितात, ते बंगालच्या राणी भवानीने बांधविलेले. म्हणजे काशी ही जशी आपली तशी बंगाल्यांचीही पूर्वीपासूनची वसाहत. हरिहर परक्या मुलखात आलेला नाही. आपल्या व्यवसायाच्या राजधानीत आला आहे. पहिल्या वेळी हा काशीचा भाग प्रवासवर्णनासारखा लांबलेला वाटतो. दुसऱ्या वेळी आपल्याला ठाऊक असते की हा माणूस थोड्याच दिवसांचा सोबती आहे. मग घाटाच्या पायऱ्या चढताना त्याचे दम लागून थांबणे निराळे दिसू लागते. दिवाळीच्या रात्री पोरगा फुलबाज्यांत दंग असताना अंथरुणावर पडलेल्या हरिहरकडे आपण आधीच पाहू लागलेलो असतो.

त्याच्या मरणाचा प्रसंग प्रसिद्धच आहे. पहाटे सर्वजया मुलाला उठवून गंगाजल आणावयास पाठविते. तो लोटा भरून आणतो, तोंडात पाणी घातले जाते, मान कलते, आणि क्षणात कबुतरांचा थवा उधळून आकाशात फिरू लागतो. रविशंकरांची बासरी तेथे जोग रागात उंच चढते. खरे सांगावयाचे तर दुसऱ्या वेळी या प्रसंगाचा धक्का उणावतो. कबुतरे उडणार हे ठाऊक असते आणि आपण त्यांची वाट पाहत राहतो. पण जे धक्क्याने झाकले गेले होते ते आता उघडे होते. लोटा घेऊन जाणारा अपू झोपेतून उठलेले पोर आहे. आपण कशासाठी चाललो आहोत हे त्याला पुरते कळलेले नाही. एखाद्या निरोपासाठी पाठविलेल्या मुलासारखा तो जातो आणि येतो. पुढे मोठेपणी आईच्या मरणाला तो वेळेवर पोहोचत नाही, त्याचे मूळ आम्हांस येथे दिसले. वडिलांच्या वेळी तो हजर होता, आणि त्या हजेरीचा अर्थ त्याला कोणी सांगितला नव्हता.

काशीतील घराच्या अंगणाचा प्रकाशही दुसऱ्या वेळी नीट पाहावा. ते अंगण स्टुडिओत उभारलेले आहे. बंसी चंद्रगुप्त यांनी ते रचले, आणि छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरून परावर्तित केलेला प्रकाश खाली आणला. त्यामुळे तेथे कोणाचीही कडक सावली पडत नाही. जुन्या वाड्याच्या चौकात जसा उजेड झिरपतो तसा तो आहे.

वैधव्यानंतरचा भाग लहान आहे, पण त्यातील एक क्षण आम्ही पहिल्या वेळी जवळजवळ ओलांडून गेलो होतो. सर्वजया मालकांच्या घरी जिना उतरते आहे. खाली अपू मालकासाठी हुक्का तयार करीत आहे. ती थांबत नाही. पायऱ्या मंद होतात, एवढेच. चेहऱ्यावर काही लिहिलेले नाही. आणि एकदम आगगाडीची शिटी. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, मुलगा नोकर होऊ नये म्हणून ती काशी सोडते. पुढे त्याने पुरोहित व्हावे हा तिचा आग्रह या जिन्यावर जन्मलेला आहे. पहिल्या वेळी तो आग्रह जुन्या वळणाच्या बाईचा हट्ट वाटतो. करुणा बॅनर्जींचा अभिनय किती संयमित आहे याची कल्पना असा संदर्भ लागल्यावर येते. गाडी बंगालच्या हिरव्या मुलखात शिरते तेव्हा पूर्वभागातील ओळखीची धून वाजते. पहिल्या वेळी मन त्या धुनीवर झडप घालते, जुने काही परत मिळाले म्हणून. दुसऱ्या वेळी लक्ष खिडकीशी बसलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर राहते. ती कित्येक दिवसांनी किंचित हसली आहे.

मनसापोत्याचा भाग आमच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. देवळाच्या सेवेशी ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली आहेत त्यांना यातील प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल. लहान मुलगा सोवळे नेसून पूजा करतो. म्हातारे आजोबा त्याला मंत्र सांगतात. पूजेहून परतताना त्याच्या हातातल्या शिध्यावर घर चालते. आणि वाटेत शाळेत जाणाऱ्या मुलांचा आवाज. राय यांनी येथे कोठेही पौरोहित्याची टिंगल केलेली नाही. हल्लीच्या कित्येक चित्रपटांत भटजी आला की प्रेक्षकांनी हसावयाचे असा संकेत झालेला आहे. येथे तसे काही नाही. पूजा हे एक काम आहे, प्रामाणिक आणि पोटाला पुरणारे. अपूला ते वाईट वाटत नाही. त्याला दुसरे काही अधिक हवे असते. सकाळी पूजा आणि दुपारी शाळा अशी तडजोड तोच सुचवितो. शाळेच्या हेडमास्तरांनी दिलेल्या पुस्तकांतून लिव्हिंग्स्टन आणि ध्रुवप्रदेश घरात शिरतात. आफ्रिकेतला माणूस होऊन तो आरोळ्या ठोकीत रानातून धावतो. ग्रहण कसे लागते हे तो आईला समजावून देतो, आणि ती ऐकते. आपल्या घरांत ग्रहण म्हणजे वेध, स्नान आणि दान. त्याच घरात दहा-अकरा वर्षांचे पोर आईला पृथ्वीची सावली समजावते. तिला ते कितपत कळले असेल? ती मुलाकडे पाहत असते, ग्रहणाकडे नव्हे.

मग शिष्यवृत्तीचा दिवस येतो. हातात छोटा पृथ्वीगोल घेऊन अपू कलकत्त्यास जाण्याचे सांगतो. आई विचारते, पूजा कोण चालविणार? शब्द वाढतो, ती त्याला थप्पड मारते, तो निघून जातो, आणि काही वेळाने तीच साठवलेले पैसे काढून त्याच्यापुढे ठेवते. पहिल्या वेळी हा प्रसंग मातेच्या त्यागाचा म्हणून मनात राहतो. दुसऱ्या वेळी त्यात एक हिशेबही दिसतो, आणि त्याने प्रसंग हलका न होता जड होतो. तिचा विरोध अज्ञानातून आलेला नाही. मुलगा गेला की घरची पूजेची मिळकत गेली. आणि तो गेला की परत येत नाही, हे तिला नवऱ्याच्या घरादारावरून ठाऊक आहे. ती सर्व जाणून पैसे देते. आमच्याकडे किती घरांत हेच घडले आहे! पूजेची पाळी भाडोत्री माणसाकडे गेली, थोरल्या घराला कुलूप लागले, आणि मुंबईहून वर्षातून एकदा पालखीपुरती माणसे येऊ लागली. त्या घरांतल्या बायकांनी मुलांच्या हातावर पैसे ठेवले होते, हे आपण विसरतो.

या चित्रपटाचे मर्म मात्र आम्हांस एका रात्रीच्या प्रसंगात सापडले. अपू सुटीत घरी आला आहे. जेवण झाले आहे. आई विचारते, कलकत्त्यात काय काय पाहिलेस? तो पेंगत पेंगत नावे सांगतो. मग ती आडून आडून आपल्या मनातले काढते. तुला नोकरी लागली की मला तुझ्याकडे नेशील ना? माझी प्रकृती बिघडली तर औषधपाणी करशील ना? उत्तर येत नाही. मुलगा झोपलेला आहे.

पहिल्या वेळी प्रेक्षक येथे मनाशी म्हणतो, काय हा मुलगा! दुसऱ्या वेळी प्रथम हे ध्यानात येते की कलकत्त्यात तो रात्री छापखान्यात काम करतो आणि दिवसा वर्गात झोप लागली म्हणून प्राध्यापकांनी त्याला बाहेर घालविलेले आहे. म्हणजे ही झोप बेपर्वाईची नव्हे, थकव्याची आहे. मग दुसरी गोष्ट ध्यानात येते, आणि ती अधिक अवघड आहे. सर्वजया आपला प्रश्न तो पेंगू लागल्यावर विचारते. दिवसभर तिने तो विचारलेला नाही. जागेपणी विचारला असता आणि ‘पाहू’ असे उत्तर आले असते, तर ते तिला सोसले नसते. झोपलेल्या मुलाला विचारले म्हणजे विचारलेही आणि नकारही मिळाला नाही. या दृश्यात दोषी कोणीच नाही. आम्ही पुष्कळ वर्षे वादी-प्रतिवादींच्या मध्ये घालविली आहेत. प्रतिवादी नसलेला दावा चालविता येत नाही, तो काढून टाकावा लागतो. ‘अपराजितो’त असा दावा जवळजवळ दोन तास चालतो आणि निघतही नाही.

त्यानंतर सकाळची गाडी. आईने लवकर उठवावयाचे ठरलेले असते. ती उठवीत नाही. तो चिडतो, घाईने स्टेशनावर जातो, गाडी येते, आणि तो चढत नाही. परत येऊन म्हणतो, गाडी चुकली. दोघेही थोडे थोडे लबाड आहेत, आणि त्या एका दिवसाच्या लबाडीवर आईचे पुढचे कितीतरी दिवस निघतात. पहिल्या वेळी अपूविरुद्ध जो राग साचतो त्याच्या यादीत हा प्रसंग कोणी धरीत नाही. आम्हीही धरला नव्हता. मोठ्या अपराधांच्या शोधात असलेल्या माणसाला अशी किरकोळ साक्ष दिसत नाही.

येथे मराठी वाचकाच्या मनात ‘श्यामची आई’ उभी राहणे अपरिहार्य आहे. साने गुरुजींचे पुस्तक १९३५ चे; आचार्य अत्र्यांचा त्यावरील चित्रपट १९५३ चा, पहिले राष्ट्रपती-सुवर्णपदक मिळविणारा. ग्वाल्हेरच्या वनमालाबाईंनी रंगविलेली ती आई कित्येकांना आपली आई वाटली. दोन वर्षांनी तेच पदक ‘पथेर पांचाली’ला मिळाले. पुस्तकातला श्यामही आईच्या मरणाला पोहोचत नाही. पण श्याम मोठेपणी ते सारे सांगतो. रात्रीमागून रात्री सांगतो, आणि त्या सांगण्यात ऋण फिटत जाते. आपल्या मनावर मातृप्रेमाचा जो साचा उमटलेला आहे तो हा, आणि तो थोर आहे. त्या साच्यातून ‘अपराजितो’कडे पाहिले की अपू उणा पडतो, कारण तो काही सांगत नाही. विभूतिभूषणांनी कादंबरीत एक गोष्ट धीटपणे लिहून ठेवली आहे: आईच्या मृत्यूची वार्ता येताच अपूला प्रथम वाटले ते एक प्रकारचे सुख, पाश सुटल्यासारखे, आणि त्या भावनेने तो स्वतःच घाबरला. राय यांना ही कादंबरी घ्यावीशी वाटली ती विशेषतः या सत्यासाठी. आपल्या वाङ्‌मयात हे कोणी लिहिले असते तर त्याला आपण काय म्हटले असते?

आईच्या शेवटच्या संध्याकाळी काजवे आहेत. झाडाखाली बसून ती लांबून जाणारी गाडी पाहत असते, अंधार पडतो, ‘मा’ अशी हाक आल्याचा भास होऊन ती दाराशी येते, बाहेर कोणी नाही, तळ्यावर काजवे नाचत आहेत. हे काजवे खरे नव्हेत. त्या वेळच्या फिल्मवर खऱ्या काजव्यांचा उजेड उमटत नसे. म्हणून राय यांनी आपल्या माणसांना काळे कपडे घालून, हाती विजेरीचा बल्ब आणि तार देऊन, अंधारात नाचविले. हे कळल्यावर दृश्याची मोहिनी कमी व्हावी अशी आमची अपेक्षा होती. ती झाली नाही.

दुसरे दर्शन सर्वच बाबतींत उदार असते असे मात्र समजू नये. इन्स्पेक्टरच्या भेटीचा प्रवेश, शाळेच्या आवारातून गाय हाकलणे इत्यादींसह, पहिल्या वेळी हसवितो. दुसऱ्या वेळी तो लांबला आहे असे वाटते. काशीतील वरच्या मजल्यावरच्या नंदबाबूंचा धागा अर्धवट तुटतो. दोन अपूंमधला सांधा दुसऱ्या वेळीही दिसतोच. लीलेची उणीव मात्र आता भासत नाही. ती असती तर अपूला आईपासून दूर नेणारे एक सोयीचे कारण मिळाले असते, आणि चित्रपट सोपा झाला असता. मृणाल सेन यांना राय यांच्या चित्रपटांत हाच सर्वांत प्रिय होता. त्यांच्यासारख्या राय यांच्याशी वारंवार वाद घातलेल्या दिग्दर्शकाचे हे मत वजनदार मानले पाहिजे.

ज्यांना हा चित्रपट पाहावयाचा असेल त्यांनी नवी दुरुस्त प्रत मिळवावी. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडन येथील आगीत होरपळली होती. इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी तिचे जळके तुकडे वाचविले, आणि २०१५ मध्ये त्रयीच्या नव्या प्रती बाहेर आल्या. शक्य असल्यास ‘पथेर पांचाली’ नुकताच पाहिलेला असताना ‘अपराजितो’ पाहू नये. काही महिने जाऊ द्यावेत.

शेवटच्या प्रसंगात अपू झाडाखाली रडून झाल्यावर उठतो. म्हातारे भवतारण त्याला राहावयास सांगतात. आईचे कार्य येथेच करावे, पुढे येथले काम पाहावे. तो सांगतो, परीक्षा आहे. कार्य कालीघाटावर करीन. आणि वाटेला लागतो. पहिल्या वेळी आपली दृष्टी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीबरोबर जाते, आणि तो बरोबर की चूक याचाच विचार डोक्यात असतो. या खेपेस आम्ही मागे राहिलेल्या त्या वृद्धाकडे पाहत होतो. त्याने मुलाला मंत्र शिकविले होते, आणि त्याला दुसरे कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मनसापोत्याची पूजा कोणी केली, हे चित्रपट सांगत नाही.